पायवाटेच्या अलीकडे

आसुआनो,
रविवार, १४ जुलै २०१९

प्रिय डार्कोदादा,

नमस्कार. कुमासीत तुझं, वहिनींचं आणि दुकानाचं बरं चाललं असेल. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक काहीही नाही.

फोनवर बोलता आलं असतं. पण तुझा फोन म्हणजे चावडी. वहिनी ऐकतात, दुकानातली पोरं ऐकतात, आणि विषय नको तिकडे वळला की तुझं नेटवर्क जातं. म्हणून हे पत्र व्हॅनच्या ड्रायव्हरकडे देतेय.

अफ्रियेमावशी गेली हे तुला कळलंच आहे. मंगळवारी दुपारी, मागच्या अंगणात, कसाव्याची सालं काढता काढता गेली. जन्म गेला त्याच अंगणात आणि गेली तीही तिथेच, समोरच्या खोलीत खुर्चीवर बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. इस्पितळाच्या शवागारात ठेवलीय. तू फोनवर "फार वाईट झालं" म्हणालास, आणि "बाकीचं ओपारेमामा बघतील" म्हणालास. तर ओपारेमामा काय बघतायत ते ऐक.

अमेरिकेतून पाहुण्यांची तुकडी आलीय, पूर्वी इथून गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज. शनिवारी, सत्तावीस तारखेला, सरदारांच्या दरबारात त्यांना आपली नावं द्यायचं बारसं. गावाला नुसतं वेड लागलंय. नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला चुना मारलाय, शाळेची पोरं नाच बसवतायत, आणि मामा दरबाराची काठी एका हातात आणि भोंगा दुसऱ्या हातात घेऊन सकाळसंध्याकाळ भाषणाचा सराव करतायत. "बाळांनो! तुम्हाला या वाटेने ओढून नेलं, आज त्याच वाटेने तुम्ही घरी आलात! तुमची जागा आम्ही राखून ठेवलीय!" 'जागा' म्हटलं की भोंगा शिट्टी मारतो. मामांना वाटतं टाळ्या पडतायत.

स्वयंपाक अर्थातच माझ्या गळ्यात. एकाला मिरची चालत नाही, एकीला माशाचं डोकं बघवत नाही, एकजण फक्त पानं खातो. फुफूसाठी शिजलेला कसावा कुटताना तिघी फोटो काढतात, चौथी म्हणते मला कुटू दे, आणि मुसळ माझ्या बोटांवर आणते. घरी आलेत म्हणे. घरच्या माणसांना एवढी पथ्यं असती तर आपण सगळे उपाशी मेलो असतो.

आणि या सगळ्यात अफ्रियेला पुरायचं कधी? गुरुवारी. शनिवारी मांडव आणि खुर्च्या पाहुण्यांना लागणार, ढोलवाले त्यांचे, म्हणून हिला आदल्या गुरुवारी, मांडव नाही, ढोल नाही, गुपचूप. आपल्याकडे गुरुवारी कधी कुणाला पुरलंय रे? आणि कुठे, तर कबरस्थानातल्या पायवाटेपलीकडे.

मी विचारलं, "पलीकडे का, मामा? अलीकडे घराण्याच्या जागेत का नाही?"

"तिची आई पलीकडे आहे."

"तिची आई पलीकडे का आहे?"

"सेरवा, तू शिकलेली बाई. असलं कुणी विचारतं का?"

झालं. नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, आपल्याकडे माणसाचंही सांगू नये. जुन्या राजांचा कायदा. कोण कुठून आलं, कुणी आणलं, याबद्दल दुसऱ्याने अवाक्षर काढायचं नाही. कायदा चांगलाच आहे, त्याच्यामुळे किती घरं सुखाने नांदली. पण दादा, कारण बोलायचंच नाही म्हटल्यावर मी भांडू कशाशी? मामा म्हणतात मी काही म्हणालोच नाही. आणि खरंच, ते काहीच म्हणालेले नाहीत. फक्त खड्डा पलीकडे खणायला सांगितलाय.

तू घराण्याचा कर्ता. तुझा एक शब्द पुरे. "अलीकडे," एवढाच. ड्रायव्हरजवळ लिहून दे, तोंडी नको.

तुझी बहीण,
सेरवा


आसुआनो,
शुक्रवार, १९ जुलै

दादा,

तुझा निरोप मिळाला. तोंडीच मिळाला. "मामांचं ऐक आणि डोकं थंड ठेव." ड्रायव्हरने तो सगळ्या थांब्यासमोर ओरडून सांगितला, मक्याचे केंके विकणारी सुद्धा आता मला डोकं थंड ठेवायला सांगते.

मीही एक गोष्ट केलीय, ती दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळू दे. आपल्या गावात कुणी मेलं की भिंतीभिंतीवर श्रद्धांजलीचे फलक लागतात. अफ्रियेचा एकही लागला नाही. मी फोटो घेऊन गेले आणि एक छापून आणला. फोटो तिचा एकच आहे, ती माझ्या आजच्या वयाची असतानाचा. फलक स्वयंपाकघराच्या दारावर लावला.

पाहुण्यांत एक लुएलाबाई आहेत. दक्षिण कॅरोलायनाच्या, बहात्तर वर्षांच्या, जन्मभर शाळेची बस चालवली. माझा जीव सर्वांत जास्त यांनीच खाल्लाय. हे काय, ते काय, याला काय म्हणतात, तुझ्या आजीचं नाव काय, तिच्या आजीचं काय. बाई दारात आल्या, फलक पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळल्या, "अगं पोरी, तुझं मेल्याचं पोस्टर लावलंय कुणी?"

कुटणाऱ्या बायका खो खो हसल्या. आणि मग एकेकीचं हसू मध्येच बसलं. कुणी मुसळाकडे बघतेय, कुणी चुलीकडे. मामा अंगणातच होते. "पाहुण्यांना ऊन लागलंय," म्हणाले, "पाणी द्या त्यांना."

बाईंनी पाणी घेतलं नाही. "ती तुझी कोण?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, मावशी. त्या "हं" म्हणाल्या. आरशात मागची पोरं बघत आयुष्य काढलेली बाई ती, तिचं ते "हं" मला काही आवडलं नाही.

आता आईबद्दल थोडं लिहिते. रागावू नकोस, मी तिच्याविरुद्ध काही लिहिणार नाही. आईला तुम्ही चार मुलगे झालात. आपल्यात घर चालतं ते मुलीवरून. तुझा मुलगा तुझ्या बायकोच्या घराण्याचा, तुझ्यामागून कर्ता होणार तो तुझ्या बहिणीचा मुलगा. म्हणून तर माझ्या एबोला तू स्वतःजवळ ठेवून व्यवहार शिकवतोस. आईला मुलगी झाली नसती तर एवढं मोठं घर चार दाढीवाल्यांवर संपलं असतं. मग मी झाले. आई तेव्हा शेहेचाळीसची होती. देवाची करणी, असं सगळे म्हणाले आणि पुढे कुणी काही म्हणालं नाही.

एबोच्या वेळी मी बाळंतीण झाले तेव्हा मला न्हाऊ घालायला अफ्रिये आली होती, आठवतं? ते काम कुणाचं असतं? आई दाराबाहेर बसून होती. तिने "मी घालते" म्हटलं नाही. अफ्रियेने माझं पोट बांधलं, गरम पाणी ओतलं, आणि पूर्ण वेळ एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही.

जाऊ दे. मी काही म्हणत नाही.

गेल्या वर्षीचे पाहुणे आले तेव्हा मामा असेच भोंग्यावर ओरडत होते, घरी या, घरी या. अफ्रिये मागे कसावा सोलत होती. मला म्हणाली, "त्यांना घरी बोलावतोय बघ. मी तर कुठे गेलेच नव्हते."

मी हसले होते. 

उत्तर लिहून पाठव.

सेरवा


आसुआनो,
मंगळवार, २३ जुलै

दादा,

या वेळी तू लिहिलंस, त्याबद्दल उपकार. "कायदा तुला माहीत आहे. आई तुझीही होती. एबोचा विचार कर." तीन वाक्यं लिहिलीस आणि तिन्ही खरी.

कायदा मला माहीत आहे. म्हणून मी काल पुन्हा त्याच्यावर विचार केला, चुलीपुढे बसून, पानं खाणाऱ्या गृहस्थांसाठी पानं शिजवत. कायदा म्हणतो, दुसऱ्याचं मूळ सांगू नये. स्वतःचं सांगू नये असं कुठे म्हटलंय? तेव्हा हे मी माझंच सांगते, यात तुला किंवा मामांना बोलायला जागा नाही. गुलामांची जहाजं बंद झाली तरी गुलामांचा बाजार बंद झाला नव्हता. उत्तरेकडून एका पोरीला याच वाटेने आपल्या नदीपर्यंत चालवत आणलं. लुएलाबाईंची माणसं नदीपासून पुढे समुद्राकडे गेली, ही पोर आपल्या पणजोबांनी विकत घेतली म्हणून इथेच राहिली. ती पायवाटेपलीकडे आहे. तिची मुलगी अफ्रिये. अफ्रियेची मुलगी मी.

लिहिलं बघ. आभाळ काही कोसळलं नाही. 

आईने मला समोरच्या खोलीत वाढवलं, शाळेत घातलं, तिच्या मायेत खोट नव्हती. पण तिने घर वाचवायला जिची मुलगी घेतली, तिला त्या घराने सहा फूट जमीन देऊ नये? याची मला चीड येते, दादा. तुझी, मामांची, आणि त्या भोंग्याची. तीनशे वर्षांपूर्वी गेलेल्यांसाठी जागा राखून ठेवलीय आणि अंगणात मेली तिला नाही.

काल संध्याकाळी लुएलाबाई माझ्यामागोमाग कबरींकडे आल्या. नको म्हटलं तरी आल्या. अलीकडे आपली सगळी, मध्ये पायवाट, पलीकडे गवतात तीन उंचवटे आणि मामांनी खणायला लावलेला खड्डा. बाई वाटेवर जाऊन उभ्या राहिल्या. मग विचारलं, "ही वाट कुणाची?"

"कुणाची नाही. शेताकडे जाणाऱ्या पायांची."

"आमच्याकडे सरकारने रस्ता आमच्याच कबरींवरून नेला, कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे रस्ते हलतात तर!"

अमेरिकेहून येऊन माझ्या बोटांवर मुसळ मारणाऱ्या बाईला जे दिसलं ते मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. दादा, अफ्रियेला अलीकडे आणायचं नसेल तर नको आणूस. तिच्या आईजवळच राहू दे. पायवाट हलव. बांबूच्या बेटामागून नेली की झालं. मग पलीकडे कुणी उरतच नाही. कुणाचं मूळ सांगायला नको, कायदा मोडायला नको, विकत घेतलेल्या पोरीचा पणतू म्हणून एबोच्या हक्काच्या वाटेला कुणी जायला नको. विचारलं तर सांग, पावसात जुनी वाट निसरडी होते.

आज पहाटे मी कोयता घेऊन गेले. बाई आल्याच. त्यांना कोयता धरता येत नाही, पण कापलेलं ओढून टाकायला पक्क्या आहेत, आणि सगळा वेळ विचारत होत्या या गवताला काय म्हणतात, त्या वेलीला काय म्हणतात. मी सांगत होते. शेताकडच्या दोन बायका आल्या, थांबल्या, काही न बोलता नव्या वाटेने गेल्या. मामा लांबून बघून गेले. तेही काही बोलले नाहीत. आता न बोलायची पाळी त्यांची.

अर्धी वाट झालीय. उरलेली मी काढणार नाही. ती घराण्याच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने काढायची, गावाच्या डोळ्यांदेखत. नाहीतर पावसाळा संपेपर्यंत लोक पुन्हा जुन्या वाटेने जायला लागतील. गुरुवारचं पुरणं मी थांबवलंय. शवागारात तिला मीच दाखल केलं, म्हणून बाहेर काढायला माझीच सही लागते, आणि ती मी दिलेली नाही. तू शुक्रवारपर्यंत ये. कोयता मी धार लावून ठेवते.

नाही आलास, तर शनिवारी स्वयंपाकाला दुसरी बाई बघायला मामांना सांग. मी पाहुण्यांबरोबर रांगेत उभी राहीन, लुएलाबाईंच्या मागे. माझी पाळी आली की मामांना माझ्याही जिभेवर बारशाचे ते दोन थेंब ठेवावे लागतील, आधी पाणी, मग दारू, आणि सगळ्यांसमोर म्हणावं लागेल, पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण. मी म्हणेन. मग विचारतात, तू कुणाची? भोंगा चालूच असेल.

वहिनींना नमस्कार. एबोला घेऊन ये. त्याच्या आजीला त्याने खांदा द्यावा अशी माझी इच्छा आहे.

तुझीच बहीण, अजूनही,
अफ्रियेची मुलगी
सेरवा