नंबर स्थिर आहे

रवि. ३ मार्च १९९६, सांगली
मिलिंद सकाळच्या गाडीनं लोणंदहून आला. न कळवता. दार उघडलं तर उभा, हातात पिशवीसुद्धा नाही. शुक्रवारी साताऱ्याला सैन्याच्या भरतीत पळाला, पहिल्या दहात आला. छाती, वजन, सगळं पास. मेडिकलला चष्मा काढायला लावला आणि तिथंच संपलं. बोर्डावरची अक्षरं पाठ करून गेला होता. मीच दवाखान्यातून उतरवून दिली होती, लिहायला लाज वाटते. त्यांनी दुसराच बोर्ड टांगला.
"वरचं मोठं अक्षर बी दिसलं न्हाई आक्का. मागची पोरं हसली."
चार वर्षं पळतोय. कांद्याच्या बाजारात हमाली करून सकाळी रेल्वेच्या कडंनं पळतो, चष्मा न लावता, सवय व्हावी म्हणून. दोनदा खड्ड्यात पडलाय. येत्या वर्षी ९ फेब्रुवारीला एकवीस पुरी होतील, मग भरतीचं दार बंद. मधे आता एकच भरती, डिसेंबरातली.
रात्री म्हणाला, तू डोळ्याच्या दवाखान्यात आहेस, माझा डोळा तेवढा बरा कर.

मंगळ. ५ मार्च
काल त्याला थांबवून घेतला. आज ओपीडीत मीच नंबर काढला. उजवा -३.७५, डावा -३.५०. मागच्या मेमध्ये दोन्ही अडीचच्या आत होते. मला माहीतच होतं.
सरांना, आमच्या डॉक्टरांना, दाखवला. पुण्यात आता लेसरनं नंबर काढतात, त्याचं विचारलं.
सर : वय?
मी : वीस.
सर : वय चालेल. पण नंबर अजून वाढतोय. वर्षभर एका जागी थांबल्याशिवाय हात लावायचा नाही. आज काढला तर उद्या परत येईल. बावीस-तेविसाव्या वर्षी बघू.
मि. : सर, तवा मला डोळा काय करायचाय?
सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, त्याच्याकडे बघितलं. पुढचा पेशंट आत आला.

रवि. २४ मार्च, लोणंद
आईचं पत्र आलं म्हणून आले. मि.चे डोळे लालभडक. गाजराचा रस, त्रिफळ्याचं पाणी, ते ठीक. पण बाजारातल्या कुणीतरी सांगितलंय, उगवत्या सूर्याकडे पापणी न लववता बघायचं, नंबर उतरतो. पंधरा दिवस बघतोय. रोज थोडा जास्त वेळ.
मी ओरडले. पडदा जळतो, मग चष्म्यानंही दिसत नाही, म्हटलं.
"मग तू सांग दुसरं काय करू."
आई चुलीपुढं. आबा बाहेर बाजेवर. रेल्वेत तीस वर्षं रूळ तपासत चालले, आता गुडघे गेलेत. त्यांनी हाक मारून जवळ बसवलं. हळूच म्हणाले, "मंगल, पोरगं जेवत न्हाई. पोत्याखाली बसल्यागत बसतंय. काय करायचं ते कर, पर कर."
मला काय करता येतं ते त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. सगळ्या वाटेत गाडीत तोच विचार.

बुध. ३ एप्रिल
केलं.
दुपारी रेकॉर्डच्या खोलीत कोणी नसतं. मागच्या मेचा त्याचा केसपेपर काढला. कोरा पेपर घेतला, तीच तारीख, तेच नाव, नंबर मात्र आजचा. खाली लिहिलं : नंबर स्थिर आहे. जुना फाडून पदराआड. सही माझीच असते, नंबर मीच काढते. माझंच अक्षर. माझंच अक्षर खोटं कसं ठरेल?
सरांपुढे पुण्याच्या चिठ्ठीसाठी ठेवला तेव्हा बाहेर साठ माणसं. म्हटलं, सर, मागच्या महिन्यात घाईत जुना पेपर नीट बघितला नव्हता, नंबर हललेला नाही. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "असं होय? चांगलं झालं." सही केली.
नऊ वर्षं मी सांगते आणि ते सही करतात.

रवि. १४ एप्रिल, लोणंद
जयंती. मिरवणुकीत मि. झेंडा घेऊन पुढे. कितीतरी दिवसांनी हसताना बघितला. आईनं खीर केली. चिठ्ठीचं घरी सांगितलं, कागदाचं फक्त मि.ला. तो म्हणाला, "तुला कुणी काय म्हणलं तर?"
कोण म्हणणार, म्हटलं.

शुक्र. २६ एप्रिल, पुणे
काल तपासणी, आज उजव्या डोळ्याला लेसर. एका वेळी एकच करतात. डावा तीन-चार महिन्यांनी.
इथल्या डॉक्टर मॅडम तरुण आहेत, माझ्याएवढ्या असतील. बुबुळाची जाडी मोजली, पडदा बघितला, सगळं ठीक. मग विचारलं, नंबर वर्षभर तोच? मी हो म्हटलं. त्यांनी मि.ला विचारलं, चष्म्याची काच कधी बदलली?
"बदलली न्हाई मॅडम. हायेच तीच."
मी शिकवलं नव्हतं. इतकं सरळ बोलला की मीच त्याच्याकडे बघत राहिले.
मशीन मिनिटभर चाललं असेल. केस जळल्यासारखा वास. आता मि. धर्मशाळेत भिंतीकडे तोंड करून झोपलाय, डोळ्याला पट्टी. दुखतंय, पण कण्हत नाही. विचारलं की बोट हलवतो.

रवि. २६ मे, लोणंद
फलाटाच्या त्या टोकाला उभा राहून त्यानं पाटीवरची तिन्ही भाषांतली नावं वाचली. डावा डोळा हातानं झाकून. मग सिग्नलचा खांब, त्यावरचा आकडा. मग पलीकडच्या शेतातल्या बाईच्या लुगड्याचा रंग. आबा सोबत आले होते. म्हणाले, मला बी दिसंना ते.
आमच्या बोर्डावर सहा बाय सहा, म्हणजे पूर्ण नजर. मीच बघितलं.
एक महिना झाला. मी रोज स्वतःला सांगते, सर जास्तच घाबरतात.

रवि. १४ जुलै
मि. सांगलीला. म्हणाला दिव्याभोवती धुरकट दिसतं. नंबर काढला. उ. -०.५०.
थोडा येतोच, म्हटलं. तोही म्हणाला, व्हय, मॅडम म्हणलेल्या.
दोघं एकमेकांना समजावत बसलो.

रवि. १८ ऑगस्ट, लोणंद
उ. -१.२५. नंबर काढायच्या काचा बरोबर घेऊन गेले होते, अंगणातच बघितला.
आणि डावा न कापलेला, न काही केलेला, तोही वाढलाय. -४.००. म्हणजे डोळा आपलं वाढतच चाललाय. सर बोलले तेच.
कोनाड्यात थेंबांच्या रिकाम्या बाटल्या दिसल्या. सात. मॅडमनी लेसरनंतरचे हे थेंब जूनपासून कमी करत बंद करायला सांगितले होते. हा दिवसातून आठ वेळा घालतोय. थेंब घातले की नंबर धरून राहतो, असं त्याच्या डोक्यात बसलंय. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून आणतो.
त्या थेंबांनी डोळ्यातलं प्रेशर चढतं. मी त्याला हे कधी सांगितलंच नव्हतं. चढेल असं वाटलंच नाही.
उद्या घेऊन जाते.

सोम. १९ ऑगस्ट
उजव्याचं प्रेशर ३४. डाव्याचं १६. एकविसाच्या वर गेलं की आम्ही काळजी करतो.
सरांनी थेंब ताबडतोब बंद केले, गोळ्या दिल्या. म्हणाले, असंच दोन-तीन महिने राहिलं असतं तर नस सुकली असती. मि.ला विचारलं, आंधळं व्हायचं होतं का?
मि. खाली बघत, "न्हाई सर. भरतीला जायाचं हुतं."

बुध. ४ सप्टें., पुणे
प्रेशर उतरलंय, २२. मॅडमनी नंबर बघितला. म्हणाल्या, जखम भरताना नंबर परत आलाय, होतं असं कधीकधी. प्रेशर नीट झालं की उजव्यावर पुन्हा लेसर मारू आणि त्याच वेळी डावा करून घेऊ. डिसेंबरच्या आत.
मि.चा चेहरा उजळला.
त्या चुकीच्या कागदावर हिशेब करताहेत. जखम नव्हे, डोळा वाढतोय. परत कापतील, परत वाढेल, बुबुळ पातळ होत जाईल. बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, तारीख कोणती द्याल?
येताना गाडीत मि. शिट्टी वाजवत होता.

शुक्र. ६ सप्टें.
ओपीडी संपल्यावर सरांच्या खोलीत गेले. उभ्यानंच सांगितलं. कोणता पेपर, कोणती तारीख, जुना फाडला, सगळं.
सर पेन उघडत होते, मिटत होते. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.
"मंगल, तुझ्या अक्षरातल्या किती कागदांवर मी न वाचता सही केलीय?"
सर, बाकी एकही खोटा नाही.
"ते मला आता कसं कळणार?"
माझ्यासमोर पुण्याला फोन लावला. मॅडमना सगळं सांगितलं. स्वतःची चूकही सांगितली, मी न बघता सही केली म्हणून. ते ऐकताना जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. दुसरं लेसर रद्द. डावा डोळा रद्द. नंबर थांबेपर्यंत काही नाही.
सोमवारपासून मी नंबर काढायचा नाही. केसपेपर लिहायचे नाहीत. पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालायचे. नोकरी ठेवली.

रवि. ८ सप्टें., लोणंद
मि.ला सांगितलं. मागच्या दारी बसला होता, बूट धूत.
"कवा सांगितलंस?"
परवा.
"मला इचारलं बी न्हाईस."
विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास.
"व्हय. म्हणलो असतो." बूट तसेच ओले ठेवून उठला. "डोळा माझा हाय. जाईल न्हाई तर ऱ्हाईल. तू आदी खोटं केलंस माझ्यासाठी, मग खरं केलंस तुझ्यासाठी."
दिवसभर परत आला नाही. आई म्हणाली, जा तू, गाडी चुकंल. आबांनी दारापर्यंत येऊन डोक्यावर हात ठेवला.
तुझ्यासाठी, म्हणाला. तसंच असेल का?

मंगळ. १५ ऑक्टो.
पाच आठवडे झाले. पत्र नाही. प्रेशर तपासायला येतो, सरांकडून तपासून घेतो, माझ्या टेबलावरून पुढे जातो. गेल्या खेपेला १८. बरं आहे.
आज एका म्हातारीच्या डोळ्यात घालताना थेंब दोनदा गालावर पडला. ती म्हणाली, बाई तुम्हीच डोळं मिटा जरा.

रवि. २४ नोव्हें., लोणंद
चुलतभाऊ दिलीप सैन्यात आहे, त्याचं पत्र आबांना आलंय. मि.नं ते वाचून माझ्यापुढं ठेवलं. तेवढंच बोलणं.
दिलीप लिहितो, स्वयंपाकी वगैरे जागांना डोळ्याचं थोडं सैल असतं असं इथं म्हणतात, नक्की माहीत नाही, मिलिंदनं यावं. पण डोळ्याला ऑपरेशन झालेलं कळलं तर बाहेर काढतात म्हणे. मेडिकलला विचारतात.
आई विचारत होती, काय लिवलंय? मि. म्हणाला, चपात्या शिकव मला.
आणि ती खरंच शिकवायला बसली. पहिली चपाती त्यानं आबांना दिली. आबांनी पुरी खाल्ली.

शनि. ७ डिसें., सांगली
भरती सोमवारी, साताऱ्यात; स्वयंपाक्याच्या जागेला जाणार. मि. तपासणीला आला. प्रेशर १७. सरांनी मला हाक मारली. "आज याचा नंबर तू काढ. मी शेजारी उभा राहतो."
तीन महिन्यांनी काच हातात धरली. उ. -१.२५. ऑगस्टात होता तोच. डा. -४.००, तोही तोच. दोनदा बघितला. सरांनी स्वतः बघितला. तोच.
लिहिला. खाली काही लिहिलं नाही. चार महिने म्हणजे वर्ष नव्हे.
मग सर आत गेल्यावर मि. माझ्याशी बोलला, सप्टेंबरानंतर पहिल्यांदा. "थांबला म्हणायचं का, आक्का?"
माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही.

एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. नको म्हणाला नाही. गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवून थांबला.
"त्यांनी इचारलं, डोळ्याला काय केलंयस का, तर काय सांगू?"
मागची माणसं ढकलत होती. कंडक्टर आत चला म्हणत होता. तो माझ्याकडे बघत उभा. माझ्या तोंडात दोन्ही उत्तरं होती. एकही निघालं नाही.
आत जाऊन बसला. पलीकडच्या खिडकीला.

सोम. ९ डिसें.
सकाळपासून थेंब घालतेय. चाळीसेक पेशंट झाले. साताऱ्यात नऊला पळायला सोडतात, मेडिकल दुपारी. पळण्यात तो अडणार नाही.
आता पाच वाजले. फोन नाही. आतापर्यंत त्याला डोळ्याचं विचारून झालं असेल.