ताडपत्रीखालची जीप

१४ जुलै, संध्याकाळ. माहेरी, खानापूरजवळ.

"परक्याच्या गाडीची सवय लावून घेऊ नको गं," जीप पहिल्यांदा गावात आली तेव्हा थोरली आक्का म्हणाली होती. मी हसले होते. परदेशी सरकारच्या मदतीवर ती जीप गरोदर बायकांना बेळगावच्या दवाखान्यात न्यायची. आता त्या सरकारने मदत बंद केली. आज खानापुरात पाहिली, ताडपत्रीखाली उभी आहे.

आणि भावाची लेक रेणू पहिल्या बाळंतपणाला बेळगावातल्या शहापूरच्या सासरहून इथे आली आहे. तिथे दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. इथे ओढ्याला पाणी आलं की ती जीपच तेवढी पार व्हायची.

वहिनीला सांगितलं, बाळंतपण तिकडेच होऊ दे. ती उसळली, "पहिलं बाळंतपण म्हायेरातच व्हतंय. लोकं शेण घालतील तोंडात!" रेणू हसली, "आत्या, तूच रडाय लागलीस? बाळंत मी व्हायची हाय."

रागवू तरी कुणावर? त्या सरकारला रेणू माहीतही नाही. ती ताडपत्री मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

सकाळी पुन्हा सांगणार आहे. ऐकणार नाही, ठाऊक आहे. तरी... वहिनी, एवढी एक रीत मोड, लेकीला शहापूरला परत धाड.