हेल्मेटभर घेवडा

ती. वन्संना,

फुसाएचा खाली वाकून नमस्कार. (किती खाली ते विचारू नका. कंबर अजून धरलेलीच आहे, पण मनाने पार चटईला कपाळ टेकलं आहे असं समजा.) इकडे लोकाटाची फळं पिकून गळायला लागली आहेत, समुद्र तेल सांडल्यासारखा पडून आहे आणि अंथरुणांना दमट वास यायला लागला आहे. तुमच्या डोंगरात अजून सकाळी गार असेल. तुमचा गुडघा कसा आहे? रक्तदाब कसा आहे? आणि तुमची माकडं? मागच्या वर्षी त्यांनी तुमचा मळा साफ केला, तेव्हापासून मला तुमच्या तब्येतीइतकीच त्यांच्या तब्येतीची चौकशी करावीशी वाटते. ती धडधाकट आहेत म्हणजे तुम्ही अजून त्यांच्यामागे झाडू घेऊन धावता आहात, म्हणजे गुडघा बरा असणार.

मी ठीक आहे. काळजीचं काही कारण नाही. आमच्या गावात भोंग्यावरून ह्यांचं, तोकुजींचं, नाव पुकारलं आणि सगळं गाव डोंगरावर पळालं, अशी बातमी तुमच्यापर्यंत आली असेल (तुमच्या खोऱ्यात बातम्या मासळीच्या गाडीबरोबर चढतात, आणि मासळीपेक्षा जास्त दिवस टिकतात), तर ती खरी आहे. पण ती शेवटची गोष्ट. मासळीवाला नेहमी शेवटापासून सांगतो. मी नीट सुरुवातीपासून सांगते.

तुम्हाला ह्यांची आणीबाणीची पिशवी आठवत असेल. दाराशी खुंटीला टांगलेली, वर दोन हेल्मेटं. इथे समुद्राकाठी त्सुनामीच्या लाटेच्या भीतीने ती प्रत्येक घरात असते, पण लोक तिच्यात बिस्किटं, पाणी आणि विजेरी ठेवतात. तुमच्या भावाने त्यात चहाचा पत्र्याचा डबा ठेवला होता, आणि डब्यात तुमच्या आईचा घेवडा, लावी पक्ष्याच्या अंड्यावर असतात तसल्या ठिपक्यांचा. सोबत ओल शोषायला कोळशाचा तुकडा. यासुओका एकदा हसले होते. (यासुओका म्हणजे आमच्या वस्तीचे प्रमुख. पूर्वी होडीवर कप्तान होते, आता जमिनीवरही कप्तानच आहेत, हातातला कर्णा फक्त जेवताना खाली ठेवतात.) म्हणाले, "तोकुजी, लाट आल्यावर घेवडा पेरणार का रे? पोहत पोहत?" तर हे म्हणाले, "बिस्किटं तीन दिवसांत संपतील. चौथ्या दिवशी काय खाणार आहेस, तुझा कर्णा?" खालची जमीन खारट होईल, पण डोंगरावरचे तुकडे राहतील, आणि ज्याच्याकडे बी आहे त्याच्याकडे पुढचं वर्ष आहे, असं ते म्हणायचे. दर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वरच्या तुकड्यात तो घेवडा पेरायचे, नवं बी धरायचे, वाळवायचे, दाताखाली धरून कट्ट वाजला तरच डब्यात भरायचे. जुनं बी आम्ही खायचो.

हे गेल्यापासून मी तो पेरला नाही. तुम्हाला ते ठाऊकच आहे, कारण दर फोनला "घेवडा पेरलास का?" हे तुम्ही "कशी आहेस?"च्या आधी विचारता. एकदा तर म्हणालात, "फुसाए, बी म्हणजे काही लोणचं नव्हे, मुरत ठेवायला." तुमचं बरोबर होतं. वाचनालयाची गाडी महिन्यातून एकदा येते, तिच्यातून मी बियांवरचं एक जाडं पुस्तक आणलं होतं. (कठीण शब्द आले की मी ते मोठ्याने वाचते. त्याने अर्थ कळत नाही, पण शब्दाची भीड चेपते.) त्यात लिहिलं होतं की बी झोपलेलं नसतं. डब्यात, अंधारात, ते अगदी सावकाश श्वास घेत असतं आणि थोडं थोडं स्वतःलाच खात असतं. ते पान मी दोनदा वाचलं आणि पुस्तक मुदतीच्या आधी परत केलं. कारण असं होतं, वन्सं, की तुमचं बी माकडांनी संपवल्यावर जगात तो घेवडा फक्त त्या डब्यात उरला. ह्यांच्या हाताने वाळवलेला. पेरला आणि उगवला नाही, तर मग काय? डबा बंद होता तोवर तो उगवण्यासारखा होता. मी रोज फडक्याने डबा पुसायचे आणि तेवढ्यावर माझं भागायचं.

आता सरावाकडे येते. दर वर्षी मे महिन्यात भोंगा वाजतो आणि आम्ही सगळे पिशव्या घेऊन डोंगरावरच्या देवळापर्यंत चढतो. तिथे पिशव्या उघडतात, ज्याची तारीख सरत आली आहे ते सगळं बाहेर काढतात आणि एका मोठ्या पातेल्यात शिजवून सगळ्यांना वाढतात. वाया काही जाऊ द्यायचं नाही, हा नियम. मागच्या वर्षी त्या पातेल्यात डब्यातला बांगडा होता आणि डब्यातले पीचही होते. सगळ्यांनी वाटी चाटून पुसून संपवली, कारण शेजारचा संपवत होता. पण पिशव्या तपासण्यात इतका वेळ गेला की एवढ्या वेळात लाट येऊन, जेवून, परत गेली असती. म्हणून यंदा यासुओकांनी ठरवलं की पिशव्या आदल्या संध्याकाळीच देवळाच्या स्वयंपाकघरात द्यायच्या. (आणीबाणी आदल्या संध्याकाळी कळवून येणार असेल तर ही व्यवस्था उत्तम आहे.) मीही दिली. डबा काढून ठेवावा असं मनात आलं होतं. पण ह्यांनी तो पिशवीत ठेवला होता, तेव्हा त्याची जागा पिशवीत, असा मी विचार केला. आणि बी कोण शिजवणार?

शिनोबु शिजवणार. तुम्ही तिला पाहिलं आहे, ह्यांच्या दिवसकार्याला जी सगळ्यांच्या चपला मापाप्रमाणे लावून ठेवत होती ती. आता ती महिला मंडळाची प्रमुख आहे. तिच्या हाती पत्र्याचा डबा आला, वर ह्यांच्या अक्षरात चार वर्षांपूर्वीचं साल, आत घेवडा. तिने ते साल वाचलं, ती चुकचुकली आणि तिने घेवडा भिजत घातला. डबा घासून उन्हात पालथा घातला. कोळसा चुलीत टाकला.

सरावाच्या सकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी माझं हेल्मेट डोक्यावर आणि ह्यांचं दंडावर अडकवून चढत होते. (ते मी दर वर्षी नेते. मोजणीच्या वेळी यासुओका "फुसाएवहिनी, एक" म्हणतात, हेल्मेटाकडे बघतात आणि जरा थांबून पुढच्या घराकडे वळतात.) यंदा त्यांनी कर्ण्यातून "पळा, बोलू नका, मागे बघू नका" असं इतकं ओरडून सांगितलं की अर्ध्या वाटेत त्यांचाच दम संपला आणि आम्हाला बांबूची झोळी करून त्यांना वर न्यावं लागलं. झोळीतूनही ते सूचना देतच होते. "डावीकडून! अगं, डावीकडून! मी कप्तान आहे, मला उतार कळतो!" शिनोबु म्हणाली, "कप्तान, तुम्ही आत्ता सामान आहात. सामान बोलत नाही."

वर पोचले आणि पहिली नजर गेली ती पालथ्या डब्यावर. डब्याला काय झालं, असं मी विचारलं. शिनोबु हात पुसत आली, चेहरा अगदी उजळलेला. "काकू, अजिबात काळजी करू नका. तुमचं काही वाया जाऊ दिलं नाही. रात्रभर भिजवले, काय छान फुगलेत! निम्मे पातेल्यात गेले, निम्मे आता घालते." आणि तिने परातीकडे बोट दाखवलं.

मी ह्यांचं हेल्मेट दंडावरून काढलं, उलटं धरलं आणि परातीतला घेवडा दोन्ही हातांनी त्यात भरायला लागले. सगळं देवळाचं आवार बघत होतं. कोणीतरी कुजबुजलं की फुसाएकाकूंना ऊन लागलं. यासुओका झोळीतूनच कर्णा लावून म्हणाले, "फुसाएवहिनी, आधी खाली बसा, श्वास घ्या, बाकीच्यांनी सावली करा." (ते सरावाच्या पत्रकात सातव्या पानावर आहे.) तेव्हा मी सांगितलं. हे खायचं नाही. हे ह्यांचं बी आहे. एवढंच उरलं होतं.

यासुओकांनी कर्णा खाली ठेवला. शिनोबु पातेल्यात पळी घालून शिजलेले दाणे बाहेर काढायला लागली. मीच तिचा हात धरला. उकडलेला घेवडा उगवत नाही, पोरी, म्हटलं. ती म्हणाली, "मग आता? पुन्हा वाळवू या? माझ्याकडे पंखा आहे." आता वाळवून चालणार नव्हतं. एकदा पाणी प्यायलेलं बी मागे फिरत नाही, तेही त्या पुस्तकात होतं. ते आजच्या आज मातीत जायला हवं. आणि आमच्या वरच्या तुकड्यात तीन वर्षांत माणसापेक्षा उंच बांबू माजला आहे. मी हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. तेवढा एकच विचार डोक्यात होता, की आता पेरलं की काय ते कळणार, आणि मला कळून घ्यायचं नव्हतं.

मग यासुओका झोळीतून उतरले. त्यांनी कर्णा तोंडाला लावला आणि जाहीर केलं, "सराव, भाग दुसरा. चौथा दिवस. पेरणी." कोणी हसलं नाही. लोकांनी डोक्यावरची हेल्मेटं काढली, प्रत्येकात थोडे थोडे दाणे घेतले आणि जो तो जागा शोधायला लागला. देवळामागच्या उतारावर, पायऱ्यांच्या कडेला, थडग्यांच्या मधल्या पट्टीत. (ह्यांच्या शेजारीही. पुजाऱ्यांनी परवानगी दिली. म्हणाले, तोकुजी असते तर त्यांनी विचारलंही नसतं.) झोळीचे बांबू सोडून वेलांना आधार म्हणून रोवले. त्यामुळे उतरताना यासुओकांना स्वतःच्या पायांनी उतरावं लागलं. उरलेले दाणे शिनोबुने माझ्या अंगणात पेरले, प्रत्येकामध्ये सारखं अंतर सोडून, चपला लावल्यासारखे.

आणि पातेल्यातला आम्ही खाल्ला. माझी वाटी शिनोबुने दोन्ही हातांनी पुढे केली. तिचे डोळे लाल होते. चव फार चांगली होती, वन्सं. हे लिहायला मला जड जातंय, पण होती. ह्यांनी मिठाबद्दल काहीतरी म्हटलंच असतं.

त्यानंतर मी रोज चढत होते. माती तशीच. सपाट. माझ्या अंगणातल्या मातीवर कबुतरं फिरून गेली आणि शिनोबुच्या त्या सरळ ओळीत सरळ ओळीने खड्डे राहिले. घरात मी डबा पुसायला जायचे आणि डबा रिकामा आहे हे आठवायचं. तरी पुसायचे. एक दिवस कंबरेने चढूच दिलं नाही. पडून होते. आणि संध्याकाळी पाचला, रोज ती छोटी धून वाजते ना भोंग्यावर, ती वाजलीच नाही. त्याऐवजी खरखर झाली, आणि डोंगराला आपटून दोनदा दोनदा ऐकू येणारा यासुओकांचा आवाज आला, "तोकुजी... तोकुजी... वर आला... वर आला..."

वन्सं, मी उठले. कंबर कुठे गेली ठाऊक नाही. चपला घातल्या नाहीत, पिशवी घेतली नाही. सगळं गाव पळत होतं, कोणी लाट आली म्हणून, कोणी आधीच बाकीचे पळतात म्हणून. कोणाच्या हातात भात, कोणाच्या काखेत कोंबडी. मी ते नाव ऐकून पळत होते. देवळात पोचले तर यासुओका उकिडवे बसले होते, आणि थडग्याशेजारी मातीतून मान वाकवून, पाठीवर बियाचं टरफल घेऊन, दोन घेवडे वर आले होते. मग पायऱ्यांशी. मग उतारावर. सगळे नाहीत. पण पुष्कळ. धापा टाकत शिनोबु म्हणाली, "कप्तान, अहो 'घेवडा' हा शब्द आधी घ्यायचा!" ते म्हणाले, "घेतला होता. डोंगराने खाल्ला." तालुक्याच्या कचेरीतून त्यांना समज मिळाली आहे. पण इतक्या वेगाने गाव आजवर कधीच वर चढलं नव्हतं, हेही त्याच कागदात लिहिलं आहे, आणि यासुओका सगळ्यांना तेवढीच ओळ वाचून दाखवतात.

तर अशी हकिकत. शरदाच्या तोंडाशी शेंगा वाळतील. यंदा बी एका डब्यात राहणार नाही. घरोघरी एकेक डबा आणि वर कोळसा, असं ठरलं आहे. तुमचा वाटा टपालाने पाठवीन. इतक्या लांब यायची तुम्ही अजिबात तसदी घेऊ नका. प्रकृतीला जपा.

तुमची,
फुसाए

ता. क. वेल कमरेपर्यंत आले आहेत आणि बांबूवरून रोज खाली घसरतात. हे एक गाठ मारायचे, तुमच्या आईने शिकवलेली. मला येते असं मी सगळ्यांना सांगून बसले आहे. मला येत नाही. पत्रातून गाठ शिकता येत नाही, मी पुस्तकातून करून पाहिली आणि माझंच बोट बांधलं गेलं. तेव्हा वरचं 'तसदी घेऊ नका' हे वाक्य खोडलं आहे असं समजा आणि या. लवकर या. मासळीची गाडी रिकामी परत येते, मी बोलून ठेवलं आहे.

ता. क. दुसरा. गाठ शिकवून लगेच परतायची घाई नको. शेंगा होईपर्यंत राहा. मग बी वाळेपर्यंत. मग थंडीच सुरू होईल, आणि थंडीत तुमच्या त्या चढावर म्हाताऱ्या बाईने एकटीने काय करायचं? माकडं आपापलं बघून घेतील.

ता. क. तिसरा, आणि हे आधीच सांगायला हवं होतं. माझ्या घरी आता दोन माणसं आहेत असं मी यासुओकांना सांगून टाकलं आहे. त्यांनी मोजणीत "दोन" केलं. तुम्ही आला नाहीत तर पुढच्या सरावात तुम्हाला हरवलेलं धरतील आणि कर्ण्यातून दिवसभर हाका मारतील, आणि त्यांचा आवाज तुमच्या खोऱ्यापर्यंत येतो. हेल्मेटही तयार आहे. ह्यांचंच आहे, घासून पुसून ठेवलं आहे, आतली माती मात्र शिवणीतून पूर्ण निघाली नाही. त्यावरचं ह्यांचं नाव खरवडून नवं लिहू, असं यासुओका म्हणाले होते. मी खरवडू दिलं नाही. म्हणून त्यांनी "तोकुजी"च्या पुढे जागा होती तिथे रंगाने "ची ताई" असं लिहिलं आहे. रंग वाळला आहे.