दोनशे चौदाचा खिळा

सोमवार, ३ तारीख
ताई, आधी माफी. लिहायला फार उशीर केला. पत्राला बसलं की हात थांबतो, म्हणून ही वही. भरली की पाठवीन.
मला नोकरी लागली! आपली कोळशाची खाण आता बाग झालीय. ढिगाऱ्यांवर हिरवळ, बाकडी, मुलांना झोपाळे. बोगद्याच्या तोंडावरच्या विटांवर वेल चढलाय. मी हजेरीची खोली दाखवतो. तोच फळा, तेच पितळी बिल्ले. खाली उतरताना आपला बिल्ला खिळ्यावरून काढायचा, वर आलं की टांगायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस खाली. या खोलीत हजेरीला मीच बसायचो, हे कुणाला सांगितलं नाही. बागेच्या बाई मला आजोबा म्हणतात. चहा फुकट!
तुझं घर इथून अर्ध्या तासावर. पण पाय उचलत नाही.

बुधवार, ५
दाजींचा दोनशे चौदा नंबरचा बिल्ला अजून आहे. पत्र्याचा. सकाळी कुलूप काढलं तर तो जमिनीवर पडलेला. वाऱ्याने असेल. टांगला. बाई हसून म्हणाल्या, आजोबा, सारखे काय मोजता, बिल्ले पळून जाणार आहेत का?

शुक्रवार, ७
बिल्ला आजही जमिनीवरच. खिडक्या बंद होत्या.
आता सांगायलाच हवं. दाजी विसरभोळे. बिल्ला खिशात घालून तसेच घरी यायचे आणि साहेब मला झापायचे. म्हणून मी त्याच नंबरचा दुसरा, पत्र्याचा जोड कापून ठेवला होता. त्या दिवशी पाळी सुटली, दाजींचा खिळा रिकामा. नेहमीसारखा खिशात गेला असेल म्हणून, दाजी वर आले का हे न बघताच जोड टांगला. तासाभराने खाली आग लागली. साहेबांनी फळा पाहून विचारलं, सगळे वर आले? मी म्हणालो, सगळे. आग कोंडायला बोगदा विटांनी बुजवला.
दाजी घरी आले नाहीत तेव्हा मला कळलं. चुना ओला होता, भिंत फोडता आली असती. तुरुंगाच्या भीतीने मी गप्प बसलो. लोक म्हणाले, बायकोला टाकून पळाला. तेव्हाही गप्प.
आणि तू बत्तीस वर्षं दाराला कडी न लावता झोपतेस.

रविवार, ९
भर दुपारी बोगद्याच्या भिंतीआडून ठोकल्याचा आवाज. मुलं शेजारीच खेळत होती. कुणी वळूनही बघितलं नाही. बाई म्हणाल्या, आजोबा, कान तपासून घ्या.

सोमवार, १०
एक वीट बाहेर पडलीय. बोट लावून पाहिलं. चुना ओला आहे. बत्तीस वर्षांनी—

मंगळवार, ११
खिळ्यावर पितळी बिल्ला. दोनशे चौदा. काळा, अजून गरम. म्हणजे वर आले—
जमिनीवर कोळशाची पावलं. वाटलं माझ्याकडे येतील. खुर्चीपाशी थांबलीत. मग फाटकाबाहेर— तुझ्या घराच्या रस्त्याला—
ताई, कडी लाव. नको— इतकी वर्षं तू— नाही, लाव— आलेच तर सांग त्यांना, जोड मी टांगला, तू नाही— वही आत्ताच पाठवतोय, दार—