मोठ्या आईचा मंगळ

३ जून

आयुष्य बदललं तो क्षण : आज दुपारी, ड्रायक्लीनरचा काउंटर. शर्ट परत घेत होतो. कॉलरवरचा डाग जिथल्या तिथे. मी सौम्य शब्दांत तसं म्हणालो. आतून मॅनेजर धावत बाहेर आला, म्हणजे कदाचित तेवढे सौम्य नसतील. काउंटरवरची मुलगी मात्र घाबरली नाही. पावती फाडता फाडता म्हणाली, "हा राग तुझा नाही. आईच्या आईचा मंगळ आहे तो."

बस्स. इतकी वर्षं लोक मला तापट, माथेफिरू, दीडशहाणा म्हणत आले. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, हा माल तू उचललास कुठून? कॉलेजातही प्रॅक्टिकलच्या सरांशी जे झालं ते मंगळाने केलं. मी फक्त तिथे उभा होतो. कॉलेज मी सोडलं. आई म्हणते कॉलेजने मला सोडलं. व्याकरणाचा फरक आहे.

ती पुढे काहीतरी बोलत होती, पण मी तिच्या भुवया बघत होतो.

डाग तसाच आहे. शर्ट आता धुणार नाही.

५ जून

तिच्याकडून हळूहळू काढलेली माहिती. विद्या जुनी आहे, झरथुष्ट्राच्या अग्निपूजकांची. बापाकडून हाडं येतात, ग्रह आईकडून. आई म्हणजे चंद्र. आजी मंगळ, त्याला ते बहराम म्हणतात. पणजी शुक्र, म्हणजे अनाहिद. असं वर वर जात सातव्या आईपाशी शनी. खापरपणजीनंतर मराठीत शब्दच संपतात, त्यामुळे तिथून पुढे दाढी नुसतं छताकडे बोट दाखवतो म्हणे.

दाढी म्हणजे क्लास घेणारा. ड्रायक्लीनरच्या वरच्या हॉलमध्ये, दर रविवारी. त्याचं नाव मी लक्षात ठेवणार नाही. ती त्याला 'सर' म्हणते आणि म्हणताना मान तिरकी करते. ती मान मला सरळ करायची आहे.

मुख्य मुद्दा : लग्न करीन तर आयांची ओळ जुळवूनच, असं तिने घरी सांगून टाकलंय. म्हणजे मला फक्त आजीची माहिती हवी. सोपं आहे. आजी कोणाला नसते?

६ जून

आईला विचारलं, आजी कशी होती. आई हॉस्पिटलच्या लिनन खात्यात आहे. दिवसभर चादरींच्या घड्या घालते आणि घरी आल्यावर बोलायला तिच्यात जीव नसतो. म्हणाली, कांदा चिर. मी म्हणालो, हे उत्तर नाही. म्हणाली, बारीक चिर.

लपवतेय. मोठ्या घराण्यांत अशीच लपवालपवी असते.

चिडून बाहेर जायला निघालो तर दार अडकलं. आमचं दार नुसतं ओढून लागत नाही. मूठ धरून वर उचलायचं, खाली गुडघा लावायचा, मग लागतं. मी कुलूप-किल्लीच्या दुकानात कामाला लागलो त्या दिवशीच आईला म्हणालो होतो, या रविवारी बिजागऱ्या बदलून टाकतो. या रविवारी क्लास आहे. पुढच्या रविवारी नक्की.

८ जून

क्लास. पहिल्या रांगेत बसलो. दाढीने उठवून मागच्या रांगेत बसवलं, पहिली रांग ओळ लागलेल्यांची म्हणे. ती पहिल्या रांगेत. तिची चार आयांपर्यंत ओळ लागलीय. एकजण तर तीन आयांवर पुढे बसला होता आणि सारखा मागे वळून बघत होता. त्याला बाहेर काढून विचारावं असं फार वाटलं. बहराम उसळत होता. दाबला. तिच्यासाठी.

११ जून

खजिना सापडला!

आईचं तोंड उघडणार नाही म्हणून मावशीला गाठलं. मावशी दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहते. लहानपणी सुट्टी लागली की मला तिच्या खोलीवर पोचवायचे. तेच माझं आजोळ. पलंगाखाली ट्रंक, ट्रंकेवर मी. संध्याकाळी ती आमच्याकडे येते आणि दोघी मिळून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालतात. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. एक झटका, एकमेकींकडे चार पावलं, टोकाला टोक. एक शब्द बोलत नाहीत. मला लहानपणापासून या प्रकाराची चीड आहे. माणसाने बोलावं.

तर आज ती आमच्याकडे आल्यावर विचारलं, मावशी, तुमची आई कशी होती गं? तिने आधी स्वयंपाकघराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मोठ्या आईबद्दल विचारतोस होय?"

मोठी आई! नावातच दरारा आहे.

मग मावशी सुटली. मोठ्या आईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. (माझा धंदा! रक्तातच आहे!) शिट्टी वाजली की पन्नास पोरी रांगेत उभ्या. एका चादरीची घडी चुकली तर अख्खी चळत जमिनीवर फेकायची आणि पहिल्यापासून घालायला लावायची. एकदा कोणी साहेब तपासायला आला होता, त्याला फाटकाबाहेर काढलं. ती रागावली की इमारतभर कोणी खोकायचं नाही.

इमारत. फाटक. पन्नास पोरी दिमतीला. मी विचारलं, शेवटपर्यंत तिचंच राज्य होतं का? मावशी म्हणाली, नाही रे, रिटायर झाली. खानदानी माणसं असंच साधं बोलतात.

आतून आई म्हणाली, पुरे. मावशी गप्प झाली, पण तिचे डोळे हसत होते. मला जे कळायचं ते कळलं.

१५ जून

क्लासमध्ये उभा राहून सगळं सांगितलं. थोडी भर घातली. साहेबाच्या जागी न्यायाधीश केला आणि फाटकाबाहेर काढण्याआधी एक थोबाडीत. पन्नासच्या शंभर केल्या. यात खोटं काही नाही. पन्नास पोरींच्या मागे आणखी पन्नास असणारच.

दाढीने डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग म्हणाला, असा उघडावाघडा बहराम त्याने आजवर पाहिला नाही. पुढच्या रविवारी आईंना घेऊन या. ओळीचा जिवंत दुवा आहेत त्या.

ती वळली आणि माझ्याकडे बघितलं. मान सरळ. तीन आयावाला खाली बघत होता. जिन्यात तिने विचारलं, हे सगळं खरं ना? मी म्हणालो, आमच्या घराण्यात खोटं चालत नाही.

बिजागऱ्या राहिल्या.

१८ जून

सकाळपासून डोकं फिरलंय. कपाटाची किल्ली करून दिलेलं गिऱ्हाईक परत आलं, किल्ली फिरतच नाही म्हणे. मी म्हणालो कपाट तपासा. मालक मध्ये पडले. म्हणाले, "दाते किल्लीला पाडायचे असतात, तू स्वतःचे दात कशाला खातोस?" गिऱ्हाईकही हसलं. या दोघांच्या आजीचा कोणता ग्रह आहे ते मी शोधून काढणार आहे.

आईचा प्रश्न सोडवला. ग्रह वगैरे सांगितलं असतं तर आली नसती. म्हणून सांगितलं की रविवारी दुकानातर्फे माझा सत्कार आहे, उत्तम कामगार. नंतर बघितलं तर तिने कपाटातून चांगले कपडे काढले होते आणि इस्त्री करत होती. मावशीलाही बोलावते म्हणाली.

हे मला जरा लागलं. पण ध्येय मोठं असलं की असं लागतंच.

२२ जून

लिहिणार नव्हतो. लिहितो. रागाच्या भरात पेनाची निब वाकली, पेन्सिलने लिहितोय.

आई आणि मावशी आल्या. जिना चढताना आईने विचारलं, मालक कुठे आहेत? मी म्हणालो, येतील. दोघींना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. दाढीने वाकून नमस्कार केला. आई अवघडून अर्धी उठली. तिला वाटलं हाच सत्कार करणारा.

मग दाढीने विचारलं, आई, तुमच्या आईंचं नाव काय?

आईने आधी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला चाललं असतं. मग म्हणाली, "माहीत नाही."

दाढी म्हणाला, नाव नसेल आठवत तर राहू दे, पण त्या मोठ्या आई? न्यायाधीशाला मारणाऱ्या?

"त्या आमच्या अनाथाश्रमाच्या मेट्रन," आई म्हणाली. "मला फाटकात ठेवलेलं होतं. चादरीत गुंडाळून. त्यांनी उचललं."

कोणीतरी, बहुतेक तीन आयावाल्यानेच, मावशीला विचारलं, मग तुम्ही दोघी बहिणी कशा? मावशी म्हणाली, आमच्या खाटा शेजारी होत्या. आणि वर, मोठ्या आईने कधी कोणाला मारलं नाही हो, नुसती शिट्टी वाजवायची, असाही खुलासा केला. गरज नव्हती.

दाढी घसा खाकरून म्हणाला, ओळ अंधारात आहे. आईला ते कळलं नाही. तेव्हा पहिल्या रांगेतून ती उठली, माझ्या आईजवळ जाऊन बसली आणि समजावून सांगायला लागली. त्या विद्येत ग्रह चांगले नसतातच. स्थिर तारे राखणदार, आणि ग्रह त्यांचा उजेड पळवणारे चोर. ओळ अंधारात म्हणजे चोरांना वाट सापडली नाही. चांगलंच आहे ते.

मावशी म्हणाली, "बरं झालं. चोरायला आमच्याकडे होतं काय?"

सगळा हॉल हसला. आईसुद्धा. मी उभा राहून विचारलं, मग माझा मंगळ? ती म्हणाली, "दरोडेखोर. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की, सांभाळ म्हणून."

सांगितलं असेल. तेव्हा मी भुवया बघत होतो.

त्यानंतर ती माझ्या आईला आणि मावशीला घेऊन खाली गेली. खालचं दुकान उघडलं. जिन्यावरून दिसत होतं, तिघी मिळून एका मोठ्या पांघरुणाची घडी घालत होत्या आणि ती चुकली की मावशी तोंडाने शिट्टी वाजवत होती. मी वर. खुर्च्या रचत. दाढीबरोबर.

२३ जून

सगळं संपलेलं नाही. आज ती आपण होऊन म्हणाली, तुझी आई मला फार आवडली. मुलीने मुलाच्या आईबद्दल असं बोलणं, यालाच होकार म्हणतात. आता आणखी काय स्टँपपेपरवर लिहून द्यायचं?

संकल्प : राग बंद. बिजागऱ्या या रविवारी. कॉलेजची चौकशी.

२४ जून

तिला विचारलं, कधी भेटू या घरच्यांना. म्हणाली, तुझ्या आईला मी भेटणार आहेच, गुरुवारी, त्यांनी बोलावलंय. मी म्हणालो, आणि आपलं? म्हणाली, "आई आवडली म्हटलं मी. तू नाही." ओळ जुळत नाही म्हणून का, असं विचारलं. म्हणाली, ओळीचं काही नाही, ती मी जुळवली असती. चांगल्या कपड्यांत आणलंस त्यांना, सत्कार आहे म्हणून. ते काही मला जमणार नाही.

डागाचा शर्ट काउंटरवर फेकून आलो. मॅनेजर बाहेर आला. येऊ दे.

२५ जून, संध्याकाळ (जिन्यावर बसून)

आज सोक्षमोक्ष लावला.

घरी आलो तर दोघींचं चादर धरून नेहमीचं चाललेलं. मी दारातूनच सुरुवात केली. म्हणालो, माय मरो पण मावशी जगो म्हणतात. माझ्याकडे मायही फाटकातली आणि मावशीही शेजारच्या खाटेवरची. इतकी वर्षं खोटी मावशी, खोटं आजोळ. शाळेत आजोळावर निबंध लिहिला मी, ट्रंकेसकट. मला सांगायला काय झालं होतं? आज मी कोणाला तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही. असं बरंच बोललो. मुद्दे चांगले होते, लिहून ठेवायला हवे होते.

झटका, चार पावलं, टोकाला टोक. थांबल्यासुद्धा नाहीत. मी ओरडलो, निदान उत्तर तरी दे.

आईने घडी चळतीवर ठेवली. म्हणाली, "माझ्या आईबद्दल तू मला विचारलंस कधी? तू तुझ्या रागाबद्दल विचारत होतास."

मावशीने पुढची चादर उचलली.

याला माझ्याकडे उत्तर होतं. आत्ता आठवत नाही. तेव्हा मी बॅगेत दोन शर्ट कोंबले आणि जाहीर केलं की मी हे घर सोडून चाललोय, कायमचा. कुठे, असं मावशीने विचारलं. कुतूहल म्हणून.

रुसून माणूस जातो कुठे? आजोळी. आणि माझं आजोळ समोर चादरीची दोन टोकं धरून उभं होतं, खोलीची किल्ली त्याच्याच पिशवीत. तरी मी निघालो. बाहेर पडलो आणि दार असं आपटलं की सगळ्या मजल्याला कळावं.

दार अर्ध्यात अडकलं. पुन्हा ओढलं. लाथ घातली. दोन्ही हातांनी मूठ धरून ओढलं, पाय चौकटीला लावून. फटीतून आई दिसत होती, पाठमोरी, टोकाला टोक लावताना. वळली नाही. नुसतं म्हणाली, "वर उचल. मग गुडघा."

वर उचललं. गुडघा लावला.

दार लागलं. आवाजसुद्धा झाला नाही.