सुटली म्हणा

भैरववाडी, निघोज्याशेजारी, ता. खेड
गुरुवार, २६ नोव्हेंबर १९५९

ती. दादास,
इंदूचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळ्यांची प्रकृती चांगली आहे. शाळू गुडघ्याला लागला. म्हैस गेल्या आठवड्यात व्यायली, पारडी झाली. तुझ्या कारखान्यातल्या पाळ्या कशा चालतात, खाणावळीत पोटभर मिळतं का, हे विचारणार होते. पण गेल्या दोन वर्षांत विचारलेल्या कशालाच तुझं उत्तर नाही, म्हणून पुढचं लिहिते. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. सावकाश वाच, पण स्वतः वाच. खोलीतल्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

दादा, आपण जिंकलो. परवा मंगळवारी नव्या ग्रामपंचायतीची पहिली बैठक झाली आणि लक्ष्मणराव सरपंच झाले. त्यांना चार हात, सयाजीरावांना तीन. चौथा हात माझा. सयाजीराव वाडीचं गायरान वीटभट्टीवाल्याला देणार होते, ते आता जात नाही. बायकांनी चावडीपासून भैरोबाच्या देवळापर्यंत गुलाल उधळला. सोजराबाईंनी माझ्या कपाळाला लावता लावता डोळ्यातच घातला, तो अजून चुरचुरतो आहे.

बायकांच्या राखीव जागेवर मी निवडून आले, हे तुला चाकणच्या बाजारात कळलंच असेल. तू काय म्हणाला असशील तेही मला ठाऊक आहे. नानासाहेबांची सून म्हणजे नानासाहेबांचाच हात.

तू गेल्यापासून वाडीत नवे शब्द आले आहेत. दुसऱ्या राखीव जागेवरच्या सोजराबाई ते पाडतात आणि दोन दिवसांत पोरंसोरंही बोलू लागतात. सकाळी एका पक्षाच्या सभेत आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या, तो ‘टोपीफिरवा’. ज्याचा धक्का लागेल त्याच्याकडे लवंडतो, तो ‘बिनबुडाचा तांब्या’. काल पक्षात येऊन आज पहिल्या पंगतीला बसतो, तो ‘घरजावई’. आणि हात मोजून झाल्यावर आपण कोणाचे ते सांगतो, तो ‘तळ्यात-मळ्यात’. ऐकून मीही पदराआड हसते. पण यातला पहिला शब्द मामंजींना चिकटला आहे आणि पाणवठ्यावर मी गेले की मागून ‘टोपीफिरव्याची सून’ असं ऐकू येतं. मी मागे वळून पाहत नाही. खोटं कुठे बोलतात त्या?

सत्तावन्न साली मामंजींनी तुझ्या शेजारी उभं राहून संयुक्त महाराष्ट्र समितीसाठी भैरोबाचा बेलभंडारा उचलून शपथ घेतली आणि तिसऱ्या दिवशी समोरच्यांच्या जीपमध्ये बसून प्रचाराला गेले. तू आमच्या अंगणात येऊन, या घराचा उंबरा पुन्हा चढणार नाही म्हणालास. मी दाराआड उभी होते. त्यानंतर तीन भाऊबीजा गेल्या. तिन्ही वेळा मी पाट मांडला आणि दिवे लागल्यावर उचलून ठेवला.

आता जे टाळत होते ते लिहिते. नुसतं ‘आपण जिंकलो’ लिहून थांबले असते तर मी बरी दिसले असते, पण ते अर्धंच खरं झालं असतं. दादा, भंडारा मीही उचलला होता. सयाजीरावांसाठी.

निवडणुकीआधी मी घरोघर जाऊन बायांना शब्द दिला होता की गायरान जाऊ देणार नाही. त्यांच्या शेळ्या तिथे चरतात, शेणी तिथे वाळतात. निकाल लागला आणि सात सभासदांत तीन लक्ष्मणरावांचे निघाले, तीन सयाजीरावांचे. उरले मी. मामंजी तोवर आणखी एक भंडारा मोडून सयाजीरावांचे घरजावई झालेलेच होते. रविवारी दुपारी त्यांनी माझ्यासमोर बेलभंडाऱ्याचं ताट ठेवलं. म्हणाले, घरात राहायचं तर हात घराचा. आमचे हे म्हशीच्या दाव्याला गाठ मारत बसले, वर पाहिलंच नाही. मला कोणी मारलं नाही, धमकावलं नाही. मी भ्याले, एवढंच. मी ताटातला भंडारा उचलून सयाजीरावांचं नाव घेतलं.

मग दोन दिवस तोच विचार. बायांना दिलेला शब्द पाळावा तर भंडारा मोडतो, भंडारा पाळावा तर शब्द मोडतो. सोजराबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मोड की, सगळेच मोडतात. पण चांगल्या कामासाठी मोडला तरी मोडलाच ना? मग मामंजींत आणि माझ्यात फरक काय? मंगळवारी उजाडता गोठ्यात शेण भरताना मनात आलं, की शपथ सोडवताही येते. ज्यानं घातली त्यानं ‘सुटली’ म्हटलं की सुटते. लहानपणी आपण दिवसातून दहादा सोडवून घ्यायचो. मोठ्या माणसांनाही तीच रीत आहे. फक्त मतांच्या कामात ती कोणी पाळलेली मी पाहिली नव्हती.

बैठकीआधी सगळे सभासद भैरोबाला गेले. बायाही जमल्या होत्या. मी तेच ताट मामंजींच्या पुढ्यात ठेवलं. सगळ्यांसमोर म्हणाले,

“मामंजी, रविवारी तुमच्या सांगण्यावरून मी भंडारा उचलला. त्याआधी बायांना शब्द दिला होता, तो तुमच्या तोंडावर सांगायला भ्याले. चूक माझी. आज मला लक्ष्मणरावांना हात वर करायचाय, पण भंडारा मोडून नाही. तुम्ही सुटली म्हणा. नाही म्हणालात तर मी कोणालाच हात वर करणार नाही, राजीनामा इथेच लिहून देते.”

सयाजीराव हसले. “नानासाहेब, सून लई शिकवलीत की.”

“शिकवली तिच्या भावानं,” सोजराबाई म्हणाल्या. “स्वतःचं नाव चौथीत काढून हिला सातवीपतुर बशिवली. तुमी नका मिरवू.”

 मला वाटलं, आता मामंजी ताट लाथाडतात आणि मला माहेरी धाडतात. ते बोलले, पण माझ्याशी नाही, देवाकडे तोंड करून.

“आमी दोनदा उचलला, दोनदा मोडला. सोडवून मागावा, हे एकदाबी सुचलं न्हाई.” मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. “सुटली, पोरी. सुटली.”

सयाजीराव वहाणा घालून पुढे निघून गेले. चावडीवर खेडहून आलेल्या अधिकाऱ्यांनी लक्ष्मणरावांचं नाव वाचलं, तेव्हा माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. इतका ताठ की बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. अधिकाऱ्यांनी मोजणी दोनदा केली. दोन्ही वेळा चार. दादा, सातवीचा निकाल लागला त्या दिवशीही मला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

आता शेवटचं. काल सकाळी मामंजींनी मला पिंपरीच्या मोटारीची वेळ विचारली. कशाला, म्हटलं. तर म्हणाले, “तुझ्या ज्योतीरामदादाकडून एक सुटली मागायची ऱ्हायलीय.”

रविवारी मी त्यांना घेऊन येते आहे. ते म्हणतात, आत बोलावलं नाही तर चाळीसमोर रस्त्यावर उभे राहून मागतील. मी तुला गळ घालणार नाही. त्या दिवशी त्यांनी भंडारा तुझ्याबरोबर उचलला होता, तेव्हा सोडायचा की नाही हा हक्क तुझा आहे. सुटली म्हणालास तर माझ्यासारखी सुखी कोणी नाही. नाही म्हणालास तरी मी रडणार नाही, त्यांना हाताला धरून परत आणीन. फक्त जे म्हणायचं ते त्यांच्या तोंडावर म्हण, आणि त्या दिवशी मुद्दाम पाळी बदलून घेऊन कामावर जाऊ नकोस.

रविवारी दहाच्या मोटारीने येणारी,
तुझी इंदू