वलांडीपर्यंत

पुणे, ६ जानेवारी २०२५

ती. मृणालिनीआत्यास,
क्षितिजाचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र. शांती नगरात तुझ्याकडे पंधरा दिवस राहून माझं वजन दोन किलो वाढलंय. श्रेय सगळं नीलमच्या भाकऱ्यांना.

आता अडचण सांगते. घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपैकी कुणाच्या वाट्याला काळजी येते आणि कुणाच्या नाही, हे मी शोधतेय, ते तुला ठाऊक आहे. त्यावरूनच तीस घरांची यादी ठरेल आणि त्या घरी वर्षभर दर आठवड्याला नर्स जाईल. उत्तनच्या कोळीवाड्यात मी चाळीस जणांना विचारलं, रोजच्या कामात मदत लागते का? छत्तीस जण म्हणाले, न्हाय. आमचे सर म्हणतात, मग उत्तन वगळा आणि सगळी घरं मीरा रोडच्या सोसायट्यांतली, म्हणजे तुझ्या शांती नगरासारखी, घ्या. मला पटत नाही, पण कागद तेच सांगतोय. यादी महिनाअखेरीस बंद होईल. तू तीस वर्षं गणित शिकवलंस, कुठे चुकतंय ते बघ.

गुडघ्याला तेल लावत जा. तुझ्या लाडांची सवय झालीय, ती मोडू नकोस.

तुझी,
क्षितिजा

*

शांती नगर, १३ जानेवारी २०२५

चि. क्षितिजास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझा हात थरथरतो, म्हणून नेहमीप्रमाणे मी सांगतेय आणि नीलम लिहितेय. अक्षर तिचं, आगाऊपणा माझा.

तुझं पत्र तिनेच वाचून दाखवलं आणि मध्येच हसत सुटली. म्हणाली, बाई, आमच्या उत्तनमध्ये कोळणीला मदत लागते का विचारणं म्हणजे तुझे हातपाय गळाले का असं तोंडावर विचारणं. तिच्या सासूबाई, सुलूबाई, तर जन्मात हो म्हणणार नाहीत. मी बरी हाय, मना कोण न्हाय लागत, एवढंच त्यांचं पालुपद. त्यांना विचारायचं, बोंबील वाळत घालायला वलांडीवर शेवटच्या कधी गेला होतात? त्या वलांडीचे बांबू घरापासून शंभर पावलांवर आहेत. सुलूबाई दोन वर्षांत तिथवर गेलेल्या नाहीत. साखरेमुळे पायाची जखम भरत नाही. नीलम सकाळी सातला घर सोडते ती संध्याकाळी सहाला परत पोचते. तोवर त्या एकट्याच.

ऐकून मला तोंड वर करवेना. चार वर्षं ही बाई माझी नखं कापतेय, आणि तिच्या सासूची कोण कापतं हे मी एकदाही विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच घरात होता. हे वाक्य लिहायला नीलम तयार नव्हती, मी दटावून लिहून घेतलंय. आणि हेही लिहून घेतेय की तुमच्या अख्ख्या विभागाला जे सापडलं नाही, ते तिने माझे केस विंचरता विंचरता सांगितलं. मला तिचा फार अभिमान वाटला.

प्रश्नच चुकला तर उत्तर कसं बरोबर येणार? जा आणि पुन्हा विचारून ये.

जेवणाच्या वेळा पाळ. आम्हा दोघींची आठवण ठेव.

तुझी,
आत्या

*

पुणे, ३० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आले. बायकांना वलांडीचं विचारलं, पुरुषांना होडीचं. मग काय, माणसं अशी बोलायला लागली की माझी वही पुरेना. छत्तीसपैकी सत्तावीस जण वर्षभरात ना वलांडीवर गेलेत ना होडीवर. सरांनी चष्मा काढून विचारलं, हा प्रश्न कुणाचा? मी नीलमचं नाव सांगितलं. अहवालात ते छापून येणार आहे, मागे आभारात नाही, पुढे लेखकांत. तिला सांग, माझ्या आधी!

उत्तनची तेरा घरं यादीत आली, सुलूबाई धरून. मात्र एक अट आहे. नर्स बुधवारी सकाळी येईल तेव्हा घरचं माणूस हजर हवं, नाहीतर नाव कटतं. आणि बुधवारी सकाळी नीलम तुझ्याकडे असते.

शांती नगरात मी सगळ्यांकडून भरून घेतले होते, त्यातला तुझा फॉर्म काढून बघितला. मदत लागते का? उत्तर: नाही. तेही नीलमच्या सुवाच्य अक्षरात! आत्या, आत्या! म्हणजे कागदावर तुला तिची गरजच नाही. पण गेल्या वर्षी तू न्हाणीघरात पडलीस तेव्हा तिनेच उचललं होतं, हे मी विसरलेले नाही. म्हणून मी काही मागत नाही, ठरवायचं तू.

तू ठरवशील ते योग्यच असेल, असं समजणारी,
क्षितिजा

*

शांती नगर, १३ फेब्रुवारी २०२५

चि. क्षितिजास,
अनेक आशीर्वाद.

आधी माझ्या फॉर्मवरचं 'नाही' खोड आणि 'हो' लिही. नीलमशिवाय माझी अंघोळसुद्धा होत नाही. उत्तनच्या बायकांच्या हट्टाला हसले आणि स्वतः त्यांच्या वरताण निघाले.

तिला सोडावं तर मी पडणार, न सोडावं तर सुलूबाईंचा पाय जाणार. दोन दिवस डोकं धरून बसले, मग उत्तर सोपं निघालं. दर बुधवारी नीलमने मला तिच्या घरी न्यायचं. काल पहिलाच बुधवार. रिक्षावाला माझं वय बघून इतकी हळू चालवत होता की मी त्याला हिंदीत झापलं. नर्स वेळेवर आली. आठवडा चुकवला नाही तर पाय वाचेल, म्हणाली. शेजारी बसून नीलम ड्रेसिंग शिकत होती. तिच्या हाताला घाई नाही आणि किळस तर नाहीच. असं माणूस चार वर्षं माझ्या वाट्याला आलं, हे माझं भाग्य.

त्यांच्या दाराची पायरी उंच आहे. सुलूबाईंनी आतून विचारलं, हात देऊ का? स्वतःचा पाय स्टुलावर, आणि मला हात! मी ठणकावून सांगितलं, नको, जमतं मला.

एखाद्या बुधवारी तूही ये. आहे ते प्रेम राहू दे, आणखी जमलं तर नाही म्हणणार नाही.

तुझी,
आत्या

ता. क. ताई, हे मी नीलम लिहितेय, बाईंना न सांगता. जमतं मला असं बाई म्हणाल्या ते खरं. पण म्हणताना त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते. आणि आमच्या आईंनी एका पायावर उभं राहून ते धरले.